गाणारा आणि जाणणारा

काही वर्षांमागे गौरी-गणपतीच्या दिवसांत पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर जाखडीचा नाच पाहण्याचा योग आम्हांस आला. आमच्याबरोबर नॉर्वे देशातून आलेली एक अभ्यासक बाई होती. पाऊस उघडला होता. अंगणाच्या मधोमध मृदंग व झांज घेऊन बुवा आणि त्यांचे साथीदार बसले होते, आणि त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधलेल्या पोरांचे रिंगण फिरत होते. नाच थांबल्यावर बाईंनी आपली वही उघडली व बुवांना एकामागून एक प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. हे गाणे कोणी रचले? तुम्ही शक्तीवाले की तुरेवाले? सवालाला जबाब सुचला नाही तर काय होते? दुभाष्याचे काम आमच्याकडे होते. दीड-दोन तास हा प्रकार चालला. बुवांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, आणि शेवटी अंगावरची शाल सावरीत ते म्हणाले, "बाई, तुमचे सवाल झाले. आता आमचा एक घ्या. तुमच्या मुलखात पोर निजवताना काय म्हणतात, तेवढे म्हणून दाखवा."

बाई क्षणभर कानकोंड्या झाल्या. मग त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेले एक अंगाईगीत हलक्या आवाजात म्हटले. शब्द कोणासच कळले नाहीत. परंतु मृदंगावर बसलेल्या मुलाने दुसऱ्या कडव्यापासून बोटांनी हळूच ताल धरला, आणि पडवीतल्या बायका पुढे सरकून बसल्या. ते संपल्यावर बुवांनी आमच्याकडे मोर्चा वळविला. "आणि सर, तुम्ही?" इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनात पंचवीसाहून अधिक वर्षे घालविलेल्या आम्हांस त्या अंगणात म्हणावयास एकही गाणे सुचले नाही. पाठ केलेल्या कविता पुष्कळ होत्या, पण त्यांतली गावयाची एकही नव्हती. आम्ही हसून वेळ मारून नेली. बुवाही हसले. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात ज्याला जबाब सुचत नाही त्याच्याकडे पाहून जसे हसतात तसे ते हसले, असे आम्हांस तेव्हा वाटले व आजही वाटते.

लोकांमध्ये राहून गाणारे आणि त्या गाण्याचा अभ्यास करणारे ह्यांचा देशोदेशी परस्परसंबंध जोडावा, अशी खटपट गेली पाऊणशे वर्षे पद्धतशीरपणे चालू आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषद 1947 साली लंडनमध्ये स्थापन झाली. राल्फ वॉन विल्यम्स ह्या थोर संगीतरचनाकारांकडे तिचे पहिले अध्यक्षपद होते. पुढे तिची नावे बदलली, कार्य वाढले. अशा संस्थांविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु बुवांच्या त्या एका सवालाने आम्हांस निराळ्याच विचारात पाडले. हा संबंध म्हणजे नेमके काय? एकाने विचारावे व दुसऱ्याने सांगावे, एकाने न्यावे व दुसऱ्याने द्यावे, एकास 'गाणारा' म्हणावे व दुसऱ्यास 'जाणणारा', एवढ्याने संबंध जुळला असे म्हणता येईल काय?

आमच्या ह्या मुलखास तर हा प्रश्न फार जुना आहे, फक्त तो कोणी उच्चारला नव्हता. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढू लागले म्हणजे घाटाच्या वाटेवर प्रतापगड लागतो. आणि सिंहगड सर करणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यातच आहे. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा हे मराठीतले अगदी जुने पोवाडे होत, आणि दोहोंचीही मुळे अशा रीतीने आमच्या डोंगरांत आहेत. ते पोवाडे छापील स्वरूपात आपल्या हाती आले ते 1891 साली. हॅरी ॲक्वर्थ हे इंग्रज सनदी अधिकारी व शंकर तुकाराम शाळिग्राम हे मराठी संशोधक, अशा दोघांनी मिळून इतिहासप्रसिद्ध पुरुषांच्या व स्त्रियांच्या पोवाड्यांचा तो संग्रह सिद्ध केला. तीन वर्षांनी ॲक्वर्थसाहेबांनी त्यांतील निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात उतरवून प्रसिद्ध केले. गोऱ्या अंमलदाराने गोंधळ्यांच्या तोंडचे गाणे इतक्या आस्थेने ऐकावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि वाचकांस आम्ही एक विचारतो. ॲक्वर्थ व शाळिग्राम ही नावे आज अभ्यासकांस ठाऊक आहेत. अज्ञानदास व तुळशीदास ही नावेही राहिली, कारण त्या चतुर कवींनी पोवाड्याच्या शेवटी आपली मुद्रा घालून ठेवली होती. पण ज्यांनी दोन-सव्वादोनशे वर्षे ते पोवाडे कंठात वागविले, बापाने मुलास शिकविले, संबळाच्या व तुणतुण्याच्या साथीवर रात्री जागविल्या, त्या गोंधळ्यांपैकी एकाचे तरी नाव आपणांपैकी किती जणांस सांगता येईल?

येथे कोणी म्हणेल की, नाव राहिले नाही तरी गाणे राहिले, हेच पुष्कळ झाले. ह्या म्हणण्यास एका स्कॉच म्हातारीने फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. वॉल्टर स्कॉट हा आपल्या सीमाप्रांतातील जुनी गाणी गोळा करीत हिंडत असता, 1802 साली जेम्स हॉग ह्या मेंढपाळ कवीच्या घरी गेला. हॉगच्या आईला अशी गाणी कितीतरी येत होती. तिने त्यास गाऊन दाखविले व त्याबरोबरच त्याची कानउघाडणीही केली. तिच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की, ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. ती छापून तुम्ही त्यांचा जीव घेतलात, आता ती कोणी गाणार नाही. हा किस्सा आम्ही वर्गात अनेकदा सांगितला आहे व विद्यार्थी त्यास दरवेळी हसले आहेत. आम्हीही हसत होतो. पोलादपूरच्या त्या रात्रीनंतर तो सांगताना आमचे हसू आटले.

म्हातारीचे म्हणणे सर्वस्वी खरे होते असे मात्र आम्हांस वाटत नाही. गाणे छापल्याने मरते, हा आरोप अर्धवट आहे. पोलादपूरच्या वाड्यावाड्यांतून कर्ते पुरुष मुंबईस गेले ते पोटासाठी गेले. कोणी संशोधक वही घेऊन आला म्हणून गेले नाहीत. भाद्रपदात चाकरमानी परत येतात तेव्हा घरे उघडतात, रिंगण धरते. पंधरा दिवसांनी पुन्हा कुलपे पडतात. जात्यावरची ओवी थांबली ती गावोगाव पिठाची गिरणी आली म्हणून, आणि जिचे खांदे जाते ओढून भरून येत त्या बाईने गिरणीचे स्वागत केले असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार शहरात बसून ओव्यांचे गोडवे गाणाऱ्या आपणांस मुळीच नाही. म्हातारीच्या बोलण्यातले खरे निराळेच आहे. तिला राग आला तो आपल्यास न विचारता आपल्या वस्तूचे रूपांतर झाले ह्याचा. स्कॉटने तिला गाणारी मानले, परंतु ते गाणे कशासाठी आहे हे जाणणारी मानले नाही.

ओवीचा विषय निघालाच आहे तर ह्या बाबतीत आपल्याच महाराष्ट्रात जे घडले ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले, पुढे पुण्यास स्थायिक होऊन भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले गी प्वातव्हँ व पुण्याच्या हेमा राईरकर ह्या दोघांनी जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहास वाहून घेतले. त्यांच्या कामाचा आरंभ ग्रंथालयात झाला नाही. मावळ-मुळशीच्या डोंगरात गरिबांची संघटना बांधण्याचे काम चालले असता, स्त्रिया आपले सुखदुःख ज्या भाषेत बोलतात ती भाषा ओवीची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. ओव्या उतरवून घेणारे पुष्कळसे कार्यकर्ते त्याच खेड्यांतले होते. आपल्या आईची, चुलतीची, शेजारणीची ओवी त्यांनी लिहून घेतली. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 1990 नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल ह्या फ्रेंच संशोधकाने गावोगाव जाऊन त्यांचे ध्वनिमुद्रण केले व त्यांच्या वर्गवारीसाठी संगणकाची योजना उभी केली. 2004 मध्ये प्वातव्हँ व 2010 मध्ये राईरकर निवर्तले. पुढे पी. साईनाथ ह्यांनी स्थापन केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने, म्हणजे 'पारी'ने, ते काम आपल्याकडे घेतले व 2017 पासून त्या ओव्या आवाजासह व भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागल्या. जुने मुद्रण हाती घेऊन कार्यकर्ते पुन्हा त्या त्या गावी गेले. कोणी गाणारी हयात होती, कोणी नव्हती. जिची ओवी तिचे नाव, गाव, तालुका आता ओवीखाली लिहिलेले असते. 1891 च्या गोंधळ्यास जे मिळाले नाही ते शंभर-सव्वाशे वर्षांनी दळणाऱ्या बाईस मिळाले.

आणि तरीही एक शंका आमचा पिच्छा सोडीत नाही. पहाटेच्या अंधारात, घरातील पुरुष व सासू झोपलेली असता, जात्याशी बसून बाई जे म्हणते, ते ऐकण्यास एक जाते असते आणि फार तर समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई. नवऱ्याने टाकल्याचे, भावाने विसरल्याचे, लेक सासरी पोळल्याचे दुःख तिने तेथे ठेवलेले असते ते दुसरीकडे ठेवण्याची सोय नव्हती म्हणून. ते जगापुढे मांडले जावे असे तिला खरोखर वाटत होते काय? कित्येकींना वाटले असेल; आमच्या पाहण्यात अशा म्हाताऱ्या आहेत की ज्यांना आयुष्यात प्रथमच कोणी 'तुम्ही सांगा' म्हटले, आणि त्या तासन् तास बोलल्या. पण एखादी 'हे नको लिहू, बाळा' असे म्हणते, तेव्हा वही मिटण्याचे धैर्य अभ्यासकापाशी हवे. आमच्यापाशी तरुणपणी ते नव्हते. महाडजवळच्या एका गावातील वृद्ध बाईने नको म्हटलेल्या चार ओव्या आम्ही घरी येऊन आठवणीने लिहून ठेवल्या आणि एका व्याख्यानात, तिचे नाव न घेता, ऐकविल्या. नाव घेतले नाही ह्यात आपण सभ्यपणा केला असे आम्हांस तेव्हा वाटले होते. त्या व्याख्यानास चांगली दाद मिळाली होती, हे सांगताना आज लाज वाटते.

त्या ओव्यांची वही आता आमच्यापाशी नाही. 22 जुलै 2021 च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या गावाने जे गमावले त्यापुढे आमच्या नुकसानीचा उच्चारही करू नये. तरीपण विषयाच्या ओघात सांगतो की, आमच्या खालच्या खोलीतील पुस्तके, वह्या व पंचवीस वर्षांत जमविलेल्या ध्वनिफिती दोन दिवस चिखलाच्या पाण्यात होत्या. त्यांतून काहीही वाचले नाही. पोलादपूरच्या त्या रात्रीचे मुद्रणही गेले. पुढे तीन महिन्यांनी नॉर्वेहून बाईंचे पत्र आले: त्यांच्या विद्यापीठात त्या रात्रीची प्रत सुरक्षित होती, हवी असल्यास त्या पाठवू शकत होत्या. परदेशी लोक आमची गाणी घेऊन जातात, ही तक्रार आम्ही स्वतः सभांतून केलेली आहे. जे त्यांनी नेले तेच उरले आणि जे आम्ही जपले ते वाहून गेले, ह्या गोष्टीने आमचा पूर्वीचा आवेश बराच खाली आणला. न्यावे की नेऊ नये, हा वाद त्या दिवशी आमच्यापुरता संपला. नेलेले परत येण्याची वाट उघडी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला.

अशा वाटा जगात कोणी कोणी पाडल्या आहेत. आर्नोल्ड बाके ह्या डच पंडिताने 1938 साली दक्षिण हिंदुस्थानात फिरून गाणी-वाद्ये मुद्रित केली. 1984 मध्ये नझीर जयराजभाई व एमी कॅटलिन त्या मुद्रणाच्या प्रती बरोबर घेऊन त्याच गावांतून हिंडले व मूळ कलावंतांच्या वंशजांस त्या ऐकविल्या. ह्याच जयराजभाईंच्या पुढाकाराने 1982 साली भारतात संगीत-मुद्रणांचे एक अभ्यासकेंद्र उभे राहिले होते. परदेशी संशोधकांनी येथून नेलेल्या मुद्रणाची प्रत येथेही राहावी, हा त्याचा एक हेतू. आणखी एक उदाहरण आम्हांस फार आवडते. जेम्स किपेन हा इंग्रज तरुण लखनौस उस्ताद आफाक हुसेन खाँ ह्यांच्याकडे तबला शिकला. त्याने व वर उल्लेखिलेल्या बर्नार्ड बेल ह्यांनी तबल्याचे कायदे रचू शकेल असे संगणकाचे एक तंत्र तयार केले, आणि यंत्राने रचलेले बोल बरोबर की चूक हे ठरविण्यास उस्तादांस बसविले. म्हणजे पंडितांचा सिद्धान्त परीक्षेस बसला व परीक्षक झाला वाजविणारा! विद्यापीठांनी हा क्रम अधूनमधून पाळला तर आमच्यासारख्या प्राध्यापकांची प्रकृती पुष्कळ सुधारेल.

परंतु नॉर्वे, फ्रान्स, लखनौ येथवर बोलणे सोपे आहे. खरी अडचण घराजवळ आहे, आणि तिच्याविषयी आम्ही इतकी वर्षे बोललो नाही. महाडात चवदार तळे आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी हाती घेतले. नंतर ते तळे पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आले. खटला चालला, आणि 1937 च्या मार्चात उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला. दरवर्षी 20 मार्चला महाडात दूरदूरहून लोक येतात व रात्ररात्र भीमगीते होतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या 1996 साली बेल ह्यांनी मुद्रित केल्या. त्या आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही ऐकता येतात. पॅरिसच्या अभ्यासकास त्या ठाऊक आहेत. पोलादपूरचा जाखडीवाला बुवा मात्र महाडच्या भीमगीतवाल्यांस ओळखत नाही, आणि महाडच्या गायन-पार्टीतील तरुणांनी जाखडी मोबाइलवर पाहिली असेल तेवढीच. दोघांमध्ये एस.टी.ने तासाभराचे अंतर नाही. आमच्या वर्गात दोहोंची मुले एका बाकावर बसली. आम्ही त्यांस इंग्रजी बॅलड शिकविले. पर्सीला जुन्या गीतांचे हस्तलिखित कसे सापडले, मोलकरीण ते कसे चूल पेटविण्यास वापरीत होती, हे रंगवून सांगितले. 'तुझ्या घरी काय गातात?' असे त्या दोघांपैकी एकासही आम्ही कधी विचारले नाही.

आता विचारावे म्हणून विचारले, तर उत्तर आपणांस हवे तेच येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कित्येक गावांत वाद्य वाजविणे ही काही जातींची हौस नव्हती, गावकीची सक्तीची चाकरी होती. जोहार करणे, मेलेले ढोर ओढणे ह्यांबरोबरच लग्नात, जत्रेत, दूर उभे राहून वाजविणे. बाबासाहेबांच्या शिकवणीने अनेकांनी ही कामे टाकली, त्यांबरोबर ती वाद्येही टाकली. आणि जलशांतून, पुढे वामनदादा कर्डकांसारख्यांच्या गीतांतून, आपले नवे गाणे उभे केले. अशा मनुष्यास संशोधकाने 'तुमची जुनी परंपरा जतन करा' असे सांगणे म्हणजे त्याने फेकलेले जू त्याच्यापुढे आणून ठेवण्यासारखे आहे. जुने तेवढे अस्सल व नवे तेवढे उसने, ही आम्हां अभ्यासकांची आवडती समजूत येथे निव्वळ अज्ञान ठरते. आणखी असे की, तळ्याचे पाणी सार्वजनिक होते, म्हणून ते कोणास नाकारणे अन्याय होता. गाणे तसे नाही. ज्याने ते दुःखातून मिळविले त्याने ते शेजाऱ्यास ऐकवावे की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. आणि त्याने नाही म्हटले तर त्यास संकुचित म्हणण्यापूर्वी शेजाऱ्याने शंभर वर्षांत किती वेळा कान दिला हे मोजावे. सरकारी लोककला-महोत्सवात दोघांस एका व्यासपीठावर सात-सात मिनिटे उभे केले म्हणजे ओळख झाली, असे आम्ही मानीत नाही. त्यात एकजण गात असता दुसरा पडद्यामागे पोशाख बदलीत असतो.

गेल्या गणपतीत नॉर्वेहून आलेली प्रत घेऊन आम्ही त्या वाडीवर गेलो. बुवा थकले आहेत. त्यांनी सर्व मुद्रण डोळे मिटून ऐकले, दोन ठिकाणी 'इथे चुकलो' म्हणाले, आणि त्या रात्री साथीस असलेल्यांपैकी कोण गेले ते बोटांवर मोजले. बाईंचे अंगाईगीत आले तेव्हा त्यांनी ते पुन्हा लावावयास सांगितले. मग आम्ही भीत भीत महाडच्या मुलांचा विषय काढला. त्यांनी येथे येऊन एक रात्र बसावे, तुम्ही तुमचे म्हणावे, त्यांनी त्यांचे. बुवा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "येऊ देत की. अंगणात बसतील."

"अंगणातच?" असे आम्ही विचारले नाही, पण त्यांच्या सुनेने ते विचारले, आणि बुवांनी तिच्याकडे पाहून, "पडवीत बसतील, घरात बसतील, तुझे घर आहे," असे जरा चिडून उत्तर दिले.

महाडास परतल्यावर आम्ही तो निरोप त्या तरुणांस सांगितला. त्यांतला एक आमचा जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "सर, येऊ आम्ही. पण पहिल्यांदा त्यांनी यावं. वीस मार्चला, तळ्यावर. नुसतं बघायला नको, गायला." हे म्हणणे आम्हांस रास्त वाटले, व तसे आम्ही बुवांस कळविले. त्यांनी मृदंगाच्या शाईवरून हात फिरविला आणि शिमगा त्याच सुमारास येतो, यंदा नेमका कधी आहे ते पंचांगात पाहून सांगतो, असे म्हणाले.